बांधावरची चार बोटं

मी आयुष्यात पुष्कळांना सल्ले दिले. मास्तरकीचा हा रोगच आहे. दिवसभर चाळीस पोरं समोर मान वर करून बसली, की माणसाला वाटू लागतं आपल्याला सगळं कळतं. त्यांतला एक सल्ला मात्र मी अजून विसरलेलो नाही. विसरायचा म्हटला तरी माझी बायको सत्यवती विसरू देत नाही.

ही गोष्ट सन एकोणीसशे एकतीसची. माझी नेमणूक तेव्हा माणखारच्या लोकलबोर्डाच्या शाळेत होती. गाव रेवसच्या अलीकडे, खाडीला लागून. वस्ती आगरी लोकांची; पावसाळ्यात भातशेती आणि नंतर मिठागरावरचं काम. शेतं उधाणाच्या पाण्याहून खाली, आणि शेत नि खाडी यांच्या मधे मातीचा एक लांबच लांब बांध. तो बांध आहे म्हणून गाव आहे. खारं पाणी एकदा आत शिरलं, की दोन-तीन वर्षं त्या जमिनीत भाताची आशा सोडायची.

म्हणून तिथली रीत अशी, की प्रत्येक घराला बांधाचा एकेक तुकडा वाटून दिलेला. दोन खुंटांमधला तुकडा ज्याचा, त्यानं तो राखायचा. राखायचा म्हणजे मुख्यतः खेकड्यांपासून. खेकडा बांधाला बीळ पाडतो, बिळातून पाणी झिरपतं, झिरपताना माती घेऊन जातं आणि एखाद्या उधाणाला बांध फुटतो. तेव्हा दर दोन-चार दिवसांनी ओहोटीच्या वेळी जायचं, बिळं शोधायची, ओल्या गाळाचा गोळा करायचा आणि कोपरापर्यंत हात घालून बीळ ठासून भरायचं. शेवटी वरून पंजानं दाबलं की झालं. मी हे काम एकदा हौसेनं करून बघितलं आणि आठवडाभर खांदा चोळत बसलो.

धर्माजी उघाडीवर होता. शेतातलं पाणी बाहेर सोडायला बांधात जे दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. भरतीला ते बंद ठेवायचं, ओहोटीला उघडायचं. हे काम तो पंचवीस वर्षं करत होता आणि त्याच कामात उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट गमावून बसला होता. फळी निसटली आणि बोट गेलं. वय अठ्ठावन्न, बायको जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. बोलायचा बेताचंच. शाळा सुटल्यावर माझ्या ओटीवर येऊन बसायचा, मी वर्तमानपत्र वाचून दाखवायचो, आणि महात्माजी विलायतेला जाऊन काय म्हणाले ते ऐकून तो फक्त "बरं झालं" म्हणायचा. बरं काय झालं ते मी कधी विचारलं नाही.

आश्विन संपत आला असताना एके दिवशी वर्तमानपत्र वाचून झालं तरी तो उठेना.

"मास्तर, मनुबाय मुंबयला जानार, खरं हाय का?"

मनुबाई म्हणजे रावजीची बायको. रावजी आठ वर्षांपूर्वी तापानं गेला. तिचा मुलगा हरेश्वर माझ्याच हाताखाली शिकलेला, आता मुंबईला गोदीत होता. तो आईला न्यायचं म्हणतो, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. मी तसं सांगितलं.

"मंग इथं कोन?" धर्माजी म्हणाला.

"इथं म्हणजे कुठं? तिचं शेत तिचा दीर करील. अंबाजी आहे की."

धर्माजीनं मान खाली घातली. नुसता आपल्या पायांकडे बघत बसला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, दाढीचे खुंट पांढरे झालेले, आणि कान लाल. मी इतकी वर्षं पोरं शिकवली आहेत. कान लाल झालेला माणूस काय लपवतो आहे ते मला कळतं.

मला फार आनंद झाला, हे सांगून टाकतो. त्या लोकांत विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागतो. आमच्यात नाही. माझी थोरली बहीण बावीस वर्षांची असताना विधवा झाली आणि तेव्हापासून चौलच्या घरात स्वयंपाकघर ते तुळस एवढ्याच वाटेनं चालत होती. मी शिकलेला, सुधारक म्हणवणारा, पण तिच्यासाठी तोंड उघडायची माझी कधी छाती झाली नाही. त्यामुळे असेल, धर्माजीचं हे काम आपण तडीस न्यायचंच असं मी त्याच बैठकीत ठरवून टाकलं. त्यानं मदत मागितली नव्हती, ही गोष्ट वेगळी.

"तिच्याशी जाऊन बोल," मी म्हणालो. हा पहिला सल्ला.

तो बोलायला गेला. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, काय बोललास?

"उघाडीची फळी कुजलीय, ते सांगितलं."

"आणि ती काय म्हणाली?"

"सागाची घाल म्हनली."

मी कपाळाला हात लावला. मग म्हणालो, अरे, रिकाम्या हातानं गेलं की असंच व्हायचं. काहीतरी घेऊन जा. हा दुसरा सल्ला. लुगडं-बांगड्या न्यायला मी सांगितलं नाही, कारण त्यांच्यात त्याचा अर्थ थेट पाटच होतो आणि एवढी उडी धर्माजीच्यानं झाली नसती. मनात होतं की बाजारातून थोडी साखर, नाहीतर चांगलासा कंगवा असं काही तो नेईल. त्यानं टोपलीभर खेकडे नेले.

"कुठले खेकडे?" मी विचारलं.

"तिच्याच बांधातले."

"म्हणजे तिला तिच्याच बांधाचे खेकडे नेऊन दिलेस?"

"चांगले भरलेले व्हते, मास्तर," तो म्हणाला. "आनि मी तिथंच तर असतो."

तिथंच असतो म्हणजे काय, हे त्याच्याकडून काढून घ्यायला मला अर्धा तास लागला. रावजी गेल्यापासून मनुबाईचा बांधाचा तुकडा हाच माणूस राखत होता. आठ वर्षं. स्वतःचा तुकडा आणि उघाडी सांभाळून, दर ओहोटीला तिकडे एक फेरी. गावाचा समज असा की हे सगळं दीर अंबाजी करतो. अंबाजीनंही तो समज कधी मोडला नाही. कुणी वाखाणलं तर मिशीवरून हात फिरवून गप्प राहायचा.

"आणि तिला हे माहीतच नाही?"

"मी काय सांगाचं? भोक दिसलं, बुजवलं."

आता इथं माझ्यातला मास्तर पुरता जागा झाला. मी धर्माजीला समोर बसवलं आणि समजावून सांगितलं. बाबा रे, जे रोज होतं ते माणसाला दिसत नाही. वारा आहे तोवर वारा कुणाच्या लक्षात येतो? आमची सत्यवती पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली, तेव्हा मला कळलं की घरात पाणी कोण भरतं. तू पंधरा दिवस तिच्या बांधाला हात लावू नकोस. बिळं पडू देत. तिला दिसू देत. ती अंबाजीला विचारील, अंबाजी थापा मारील, ते उघडं पडेल, आणि मग ती विचारील की इतके दिवस हे कोण करत होतं. मग तू पुढे हो.

"आनि बांध?" तो म्हणाला.

त्याचाही विचार मी केला होता. बिळं बहुतेक वरच्या अंगाला असतात; तिथवर फक्त अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचं पाणी चढतं. मी पंचांग काढून त्याला दाखवलं. दिवाळीची अमावास्या झाली की थांबायचं, आणि त्रिपुरी पौर्णिमेच्या आधी दोन दिवसांत सगळं बुजवून टाकायचं. मधल्या दिवसांत धोका नाही. पंचांग बघितल्यावर धर्माजीला पटलं. पटलं म्हणजे काय, तो म्हणाला, "तुमी शिकलेले हाव." हे वाक्य ऐकलं की मी अजूनही सावध होतो.

दिवाळीला हरेश्वर आला. चार दिवस राहिला, आईला आग्रह करून गेला. त्रिपुरी पौर्णिमेला मी परत येतो, यायचं असेल तर त्याआधी पत्र टाक, म्हणजे खोलीत तशी सोय करतो, असं सांगून गेला. मुलगा चांगला. आईनं इथं एकटीनं चिखल तुडवू नये एवढंच त्याचं म्हणणं, आणि त्यात चूक काढता येत नव्हती. मनुबाईनं तेव्हा हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. भात कापून होऊ दे, मग कळवते, म्हणाली.

इकडे धर्माजी माझं ऐकून थांबला होता, पण त्याची अवस्था बघवत नव्हती. वर्तमानपत्रात त्याचं लक्ष लागेना. मधेच उठून बांधाच्या दिशेला तोंड करून उभा राहायचा.

"चौदा झाली," एक दिवस म्हणाला.

"मोजतोस कशाला?"

"लांबून दिसतात."

मी म्हटलं, थोडं सोस. दोन-तीन दिवसांत ती विचारणारच.

आणि खरंच, द्वादशीला दुपारी मनुबाई माझ्या ओटीवर आली. भात कापून झोडून झालं होतं, तिच्या केसांत अजून तूस होतं. पन्नाशीची बाई, ताठ पाठीची, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. मला वाटलं, लागला सल्ला. आता बांधाचा विषय निघणार. पण तिनं कमरेची पिशवी उघडून एक कोरं कार्ड माझ्यापुढे ठेवलं. गावची पत्रं मीच लिहायचो.

"लिवा, मास्तर. हरेश्वराला लिवा, मी येतंय. पुनवंला यून घेऊन जा."

मी टाक उचललेला तसाच राहिला. मी विचारलं, "मनुबाई, नक्की ठरलं? गाव सोडून तिथं करमेल तुम्हाला?"

"न्हाय करमनार."

"मग?"

"मंग काय. इथं तरी कोन हाय आता?" ती म्हणाली. "बांधाला भोकं परलीत."

मला वाटलं, हीच संधी. मी अगदी सहज बोलल्यासारखं म्हणालो, "त्यात काय एवढं. अंबाजीला सांगा, तो बुजवील. इतकी वर्षं तोच बुजवतो ना?"

मनुबाईनं माझ्याकडे बघितलं. वर्गात एखादं पोर अगदीच भलतं उत्तर देतं तेव्हा मी जसा बघतो, तशी ती बघत होती.

"अंबाजीला पाच बोटं हायत, मास्तर," ती म्हणाली.

 ती बोलत राहिली, माझ्याशी बोलत असल्यासारखं नव्हेच. "आठ वर्सं बघतंय मी. ओल्या चिखलावर पंजा उठतो त्याचा. तीन बोटं, मंग जागा, मंग करंगली. सकालची उठून आधी तिथं जाऊन बघून यायचं. पंजा ताजा असला का मना बरं वाटायचं. वाटायचं, हाय कोन तरी. आता तेरा दिस झाले, येक पंजा न्हाय. हरेश्वर मना नेनार हे त्याच्या कानी गेलं असंल. त्यानं मोकलं केलं मना. बरोबर हाय त्याचं. जानाऱ्या बाईचा बांध कोन कशाला राखंल? लिवा तुमी."

आणि मी लिहिलं. काय सांगू? हात आपला लिहीत होता. 'चि. हरेश्वरास आईचा आशीर्वाद. मी येते.' माझ्या त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं. त्याच क्षणी सगळं कबूल करायला हवं होतं. पण मास्तर म्हणून ज्या बाईसमोर मी इतकी वर्षं शहाणपणानं बसत आलो, तिच्यासमोर मूर्ख ठरायचं मला जिवावर आलं. ती कार्ड घेऊन गेली आणि त्याच दिवशीच्या टपालात टाकूनही आली.

ती गेल्यावर सत्यवती आतून बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं, आणि उरलेलं तिनं माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं.

"तुम्ही काय केलंत?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. पंधरा दिवस थांबायचा सल्ला, बाळंतपणाचा दाखला, पंचांग, सगळं. सत्यवती रागावली की आवाज चढवत नाही, समोर बसते. ती समोर बसली.

"बाईनं मागणी कशी घालून घ्यावी ते तुम्हाला कुणी शिकवलं?" ती म्हणाली. "तुम्ही मला विचारलं होतंत? तुमच्या वडिलांनी माझ्या वडिलांना विचारलं. मी तुम्हाला पहिल्यांदा बघितलं ते अंतरपाट दूर झाल्यावर. आणि तुम्ही दुसऱ्यांना सल्ले देता? अहो, तरण्याताठ्या पोरांनी रुसावं, फुगावं, वाट बघायला लावावं. त्यांच्याकडे दिवस पडलेत. या दोघांकडे काय आहे? त्यांनी असलं काही करायचं नसतं. जे आहे ते सांगून टाकायचं असतं."

तिचं बरोबर होतं. एकोणतीस वर्षांच्या संसारात असं बऱ्याचदा झालं आहे, पण त्या दिवशी ते लागलं.

मी उठून उघाडीवर गेलो. धर्माजी फळीला तेल लावत बसला होता. मी त्याला मनुबाईचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. तीन बोटं, मग जागा, मग करंगळी, इथवर आल्यावर त्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं आणि आपला उजवा पंजा उलटसुलट करून बघितला. जणू काही तो त्याला आजच मिळाला होता.

"तिला ठावं व्हतं," तो म्हणाला.

"आठ वर्षं."

"आनि मी तेरा दिस..." एवढंच बोलून तो थांबला. त्यानं मला एक शब्द लावला नाही. शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. थोड्या वेळानं म्हणाला, "आता पत्र गेलं. तिनं लेकाला जबान दिली."

"अजून तीन दिवस आहेत," मी म्हणालो. "ऐक, तू असं कर..."

त्यानं चार बोटांचा पंजा वर केला. "मास्तर, तुमी आता काय बोलू नका."

मी घरी परतलो.

पौर्णिमेच्या सकाळी हरेश्वर आला. रेवसची बोट भर भरतीला, म्हणजे दुपारी बाराच्या सुमाराला सुटायची. रेवसला जायची जवळची वाट बांधावरूनच होती. दहाच्या आत आम्ही निघालो. पुढे हरेश्वर डोक्यावर ट्रंक घेऊन, मागे मनुबाई काखेत बोचकं घेऊन, आणि तिला पोचवायला मी आणि सत्यवती. धर्माजी गावात कुठेच दिसला नव्हता. मनुबाईनं घराला कुलूप लावलं, चावी सत्यवतीच्या हातात दिली आणि मागे वळून बघितलं नाही. सगळी वाट मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो आणि एकही तोंडातून निघत नव्हतं.

खाडीला पाणी चढत होतं. उधाणाची भरती, बांधाच्या अर्ध्याच्या वर आलेली. मनुबाईच्या तुकड्याचा पहिला खुंट आला. ती तिथून मान खाली घालूनच जाणार होती. तिला ती बिळं बघायची नव्हती, हे तिच्या चालण्यावरून कळत होतं. पण मान खाली घातली की बांधच दिसतो. चार पावलं गेली आणि थांबली.

वरच्या कडेला एक बीळ बुजवलेलं होतं. ताजा गाळ, अजून ओला. वर पंजा. तीन बोटं, मग जागा, मग करंगळी.

ती पुढे चालू लागली, पण आता हळू. थोडं पुढे दुसरं. मग तिसरं. हरेश्वर पुढे निघून गेला होता. मनुबाई प्रत्येक पंजाशी क्षणभर थांबत होती.  मी मोजत होतो, आणि सत्यवतीही मोजत असावी, कारण तिनं माझा सदरा मागून घट्ट धरला होता. तेरा झाले.

चौदावं बीळ दुसऱ्या खुंटापाशी होतं आणि ते उघडं होतं. त्याच्या शेजारी धर्माजी गुडघे टेकून बसला होता, कोपरापर्यंत चिखलात माखलेला. बाजूला गाळाचा गोळा तयार. पाणी त्या बिळाच्या खाली हातभर आलं होतं.

हरेश्वर ट्रंक घेऊन तिथंच अडला होता. "काका, वाट सोडा. बोट चुकंल."

धर्माजी उठला नाही. त्यानं हरेश्वराकडे बघितलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मनुबाईच्या तोंडाकडे सरळ बघितलं असेल.

"मनुबाय," तो म्हणाला, "हे येक राह्यलंय. मना येकट्याला होत न्हाय."

"आठ वर्सं होत व्हतं," ती म्हणाली.

"व्हत व्हतं. पन आता येकट्यानं करायचं न्हाय. तू राहा. माझ्या घरला चल. मी आधी बोलाया पायजे व्हतं, मना बोलता येत न्हाय. आता बोललो."

मी त्या माणसाच्या तोंडून एका वेळी इतके शब्द कधी ऐकले नव्हते. पण मनुबाईची मान ताठच होती.

"मंग इतके दिस कुठं व्हतास?" तिनं विचारलं. "मी रोज यून बघत व्हते. येकही पंजा न्हाय. मना वाटलं, तू मना सोडलीस."

धर्माजीनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. "चूक झाली माझी," तो म्हणाला.

तो माझं नाव घेणार नव्हता. मरेपर्यंत घेतलं नसतं. आणि ते मला सोसवलं नाही.

"त्याची चूक नाही," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. "मी सांगितलं त्याला. मीच म्हटलं, थोडे दिवस हात लावू नकोस, म्हणजे मनुबाईंना तुझी किंमत कळेल. त्याला करायचं नव्हतं. रोज लांबून बिळं मोजत होता तो. आणि तुम्ही पत्र लिहायला आलात तेव्हाही मी बोललो नाही. मला लाज वाटली."

माझा जुना विद्यार्थी डोक्यावर ट्रंक घेऊन माझ्याकडे बघत होता. त्याला मी एके काळी खोटं बोलल्याबद्दल छडी मारली होती. मला ती छडी त्या वेळी आठवली आणि त्यालाही आठवली असावी.

मनुबाईनं मला नखशिखांत न्याहाळलं. "मास्तर," ती म्हणाली, "तुमी आपली सालंतली पोरं शिकवा."

सत्यवती पदर तोंडाला लावून हसली. मग मनुबाई लेकाकडे वळली, आणि तिचा सूर बदलला. खरा पेच तिथं होता. ज्याला शब्द दिला, तो समोर उभा होता, रजा काढून आलेला, खोलीत आईसाठी जागा करून आलेला.

"हरेश्वरा," ती म्हणाली, "मी तुला यते बोलले व्हते."

हरेश्वरानं ट्रंक सावरली. पाण्याकडे बघितलं, त्या तेरा पंजांकडे मागे वळून बघितलं. मग ट्रंक डोक्यावरून उतरवून बांधावर ठेवली.

"आये, हे मना दिवाळीलाच सांगाचं ना," तो म्हणाला. "मी काय तुला न्यायचीच म्हनून न्हेत व्हतो? तू येकटी म्हनून न्हेत व्हतो." मग धर्माजीकडे बघून म्हणाला, "काका, पानी आलं. आधी भोक बुजवा."

मनुबाईनं बोचकं ट्रंकेवर ठेवलं, लुगडं खोचलं आणि बिळाच्या दुसऱ्या बाजूला गुडघे टेकले. गोळ्यात तिनंही हात घातला. आम्ही तिथं थांबून बघत राहणं बरं दिसलं नसतं. सत्यवती ट्रंकेजवळ पाठमोरी बसली आणि मी हरेश्वराबरोबर रेवसकडे निघालो.  धक्क्यावर पोचल्यावर तो वाकून माझ्या पाया पडला. मी म्हटलं, आज नको रे. तो म्हणाला, आजच.

माघात पाट लागला. मी त्याच आठवड्यात चौलला गेलो आणि आक्काजवळ दोन तास बसलो. तिला काय हवं आहे, हे मी तिला पहिल्यांदाच विचारलं. तिला वाचायला शिकायचं होतं, वय वर्षं छप्पन्न. मी शिकवलं. पण ते नंतर.

त्या दिवशी बोट सुटल्यावर मी त्याच वाटेनं परत आलो. बांधावर कुणी नव्हतं, ट्रंकही गेली होती. दुसऱ्या खुंटापाशी मी थांबलो. भर भरतीचं पाणी त्या बुजवलेल्या बिळाच्या अगदी कडेला टेकलं होतं. गाळावर धर्माजीचा पंजा होता; तीन बोटं, मग ती रिकामी जागा, मग करंगळी. फक्त आता ती जागा रिकामी नव्हती. तिथं दुसऱ्या कुणाचं तरी एक बारीक बोट उमटलं होतं.

मी उतरून शेताच्या बाजूनं हात लावून बघितला. माती कोरडी होती.